नॅनोकण मोजणाऱ्या यंत्रांचा कस: एका कुपीतल्या सोन्यावर

अमेरिकेची निस्ट ही मानक संस्था सोन्याच्या नॅनोकणांच्या तीन कुप्या संदर्भ म्हणून देते: आरएम ८०११, ८०१२ आणि ८०१३. नाममात्र आकार अनुक्रमे १०, ३० आणि ६० नॅनोमीटर. कण सायट्रेटचं (सायट्रिक आम्लाच्या क्षाराचं) आवरण घेऊन पाण्यात असतात. पहिल्या कुपीसोबतच्या कागदावर एकाच मालाचे सहा आकडे छापलेले आहेत. बारीक टोकाने चाचपणारं एएफएम म्हणतं ८.५ नॅनोमीटर, इलेक्ट्रॉन आरपार पाठवणारं सूक्ष्मदर्शक टीईएम ८.९, एक्स-किरण विखुरून बघणारं सॅक्स ९.१, इलेक्ट्रॉनांनी पृष्ठभाग बघणारं एसईएम ९.९, हवेत फवारून मोजणारं डीएमए ११.३ आणि विखुरलेल्या प्रकाशाची लुकलुक मोजणारं डीएलएस १३.५. सोनं तेच आणि मोजणारे अतिशय काटेकोर, तरी सर्वात लहान आणि सर्वात मोठ्या आकड्यात दीडपटीहून जास्त फरक.

आता ६० ची कुपी घ्या. एएफएम ५५.४, टीईएम ५६.०, डीएलएस ५६.६. फरक जेमतेम सव्वा नॅनोमीटर.

यंत्रं विकणाऱ्यांच्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा हे दोन कागद जास्त शिकवतात. एएफएम आणि टीईएम सोन्याचा घट्ट गाभा बघतात. डीएलएस त्या गाभ्यासोबत पाण्यातून ओढलं जाणारं सायट्रेटचं आणि पाण्याचं आवरणही मोजतं, शिवाय मोठ्या कणांकडे झुकतं. आवरणाची जाडी सगळ्या कणांवर जवळपास तेवढीच असते. म्हणून १० च्या कणावर ते डोळ्यात भरतं आणि ६० च्या कणावर लपतं. 'माझ्या कणांचा साइज काय?' हा प्रश्न घेऊन लॅबच्या दारात उभं राहिलात तर प्रत्येक यंत्र स्वतःच्याच प्रश्नाचं उत्तर देणार, आणि देतंही फार आत्मविश्वासाने, दोन दशांश स्थळांपर्यंत.

खालची पारख याच कसोटीवर केली आहे. सॅम्पल धरलंय साधं टर्केविच पद्धतीचं सोनं: १०० मिलीलिटर, ०.२५ मिलीमोलर क्लोरोऑरिक आम्ल उकळतं ठेवून त्यात सायट्रेट ओतायचं, वाइनसारखा लाल रंग, कण साधारण २० नॅनोमीटरचे. इतर माल जिथे वेगळा वागतो तिथे तसं सांगितलं आहे.

यूव्ही-व्हिजिबल: सर्वात स्वस्त, आणि सर्वात कमी लेखलेलं

कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं हे यंत्र बहुतेक कॉलेजांत कोपऱ्यात पडलेलं असतं आणि त्यासाठी स्लॉट, म्हणजे राखून ठेवलेली वेळ, लागत नाही. सोन्याच्या बाबतीत याच्याइतका पैसा वसूल दुसरं काहीच करत नाही.

१ सेंटीमीटरचं क्युव्हेट (सॅम्पलची पारदर्शक कुपी) घ्या. ३५० नॅनोमीटरच्या वरच काम असल्याने साधं प्लास्टिकचंही चालतं. बेसलाइन, म्हणजे तुलनेची शून्यरेषा, नुसत्या डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याची घेऊ नका. कण ज्या द्रावात आहेत त्याच द्रावाची घ्या. सॅम्पल एवढं पातळ करा की शोषणाच्या वक्राचं पीक, म्हणजे शिखर, १ च्या खाली राहील. मग ३५० ते ८०० नॅनोमीटर स्कॅन. या एका वक्रातून चार गोष्टी निघतात.

पहिली, ४०० नॅनोमीटरवरचं शोषण. ०.५ मिलीमोलर धातुरूप सोन्याला तिथे साधारण १.२ येतं. म्हणजे वरच्या बॅचला, पातळ न करता, ०.६ यायला हवं. ०.४ आलं तर एक तृतीयांश सोनं कुठेतरी गेलं: एक तर क्षपण (क्षाराचं धातूत रूपांतर) पुरं झालं नाही किंवा फ्लास्कच्या काचेवर आरसा होऊन बसलं. फ्लास्क रिकामा करून उजेडात धरा, लगेच कळेल.

दुसरी, पीकची उंची भागिले ४५० नॅनोमीटरवरची उंची. हाइस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दिलेल्या तक्त्यानुसार हे गुणोत्तर १० नॅनोमीटरला १.५० च्या आसपास, १४ ला १.६१, २० ला १.७३ आणि ३० ला १.८६ असतं. ३५ च्या वर गुणोत्तर मंद होतं, तिथे पीकची जागा बघावी. तिसरी गोष्ट हीच, पीक कुठे आहे: लहान कणांना ५२० च्या आसपास, ६० च्या कणांना ५३५ च्या जवळ.

चौथी म्हणजे ६०० ते ७०० मधली शेपटी. चांगल्या सॅम्पलमध्ये वक्र ६०० नंतर घसरून जमिनीला टेकतो. तिथे खांदा उचललेला दिसला तर कण एकमेकांना चिकटायला लागलेत. डोळ्यांना रंग जांभळा दिसण्याच्या बराच आधी हा खांदा दिसतो. अशा सॅम्पलवर टीईएमचा स्लॉट वाया घालवू नये.

मर्यादाही सांगायला हव्यात. चांदीचं पीक ३९० ते ४२० च्या पट्ट्यात येतं, पण तिला वरचा तक्ता लागत नाही. सिलिका, टायटॅनिया, पीएलजीए पॉलिमर, लायपोसोम (चरबीचे सूक्ष्म फुगे) यांना असं प्लाझमॉन पीक, म्हणजे धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या डोलण्याने येणारं शिखर, नसतंच. त्यांच्यात दिसतो तो प्रकाश विखुरल्याचा गढूळपणा, आणि त्यावरून आकार काढणं म्हणजे धुरावरून स्वयंपाक ओळखणं.

डीएलएस: सर्वात जास्त वापरलं जाणारं, सर्वात जास्त चुकीचं वाचलं जाणारं

आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत नॅनोकण म्हटलं की झेटासायझर हे डीएलएस यंत्र, इतकं हे नाव रुळलंय. झेटासायझर नॅनो झेडएस हे जुनं मॉडेल अजून अनेक ठिकाणी चालू आहे: ६३३ नॅनोमीटरचा लाल लेझर, १७३ अंशांवर मागे येणारा प्रकाश पकडणारा डिटेक्टर. नव्या पिढीच्या अल्ट्रा मॉडेलमध्ये १३, ९० आणि १७३ असे तीन कोन एकत्र करता येतात. मिश्र आकाराच्या सॅम्पलला त्याचा खरा उपयोग होतो. एकसारख्या कणांना जुनं मॉडेल पुरेसं आहे.

यंत्र आकार मोजत नाही, थरथर मोजतं. पाण्यात कण इकडेतिकडे हलतात, विखुरलेला प्रकाश लुकलुकतो, लहान कण भराभर लुकलुकवतात आणि मोठे सावकाश. त्या वेगातून स्टोक्स-आइनस्टाइनच्या सूत्राने व्यास काढला जातो, आणि सूत्रात तापमान आणि द्रवाची चिकटता तुम्ही सांगाल तीच जाते. इथे पहिला घोळ होतो. २० अंशांना पाण्याची चिकटता १.००२ मिलीपास्कल-सेकंद, तर १० टक्के साखरेच्या पाण्याची १.३३६. लायपोसोम साखरेत ठेवलेत आणि सॉफ्टवेअरमध्ये 'वॉटर' निवडलं, तर १०० नॅनोमीटरचा कण १३३ चा छापून येतो. पीक सुंदर, पीडीआय (आकारांचा पसारा सांगणारा आकडा) सुंदर, आकार चूक. तापमानाचंही तेच: दर अंशाला पाण्याची चिकटता सुमारे २ टक्क्यांनी बदलते. फ्रिजमधून काढलेलं क्युव्हेट थेट आत टाकून ३० सेकंदांत रन सुरू करू नका. किमान दोन मिनिटं थांबा, सॅम्पल खूप गार असेल तर पाच.

दुसरा घोळ सहाव्या घाताचा. इतक्या लहान कणांनी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका उजळतो. म्हणजे क्युव्हेटमध्ये शिरलेला धुळीचा एक कण अख्ख्या बॅचवर बोळा फिरवू शकतो. म्हणून पातळ करायचं पाणी किंवा बफर ०.१ मायक्रॉनच्या किंवा त्याहून बारीक फिल्टरमधून काढा. क्युव्हेट त्याच पाण्याने दोनदा विसळा आणि झाकण लावा. सॅम्पल स्वतः फिल्टर करताना मात्र जपून: फिल्टरवर कण अडकले तर मोजाल ते उरलेलं, केलेलं नव्हे. गाळण्याआधी आणि नंतर यूव्ही घेतलं की किती माल गेला ते कळतं.

रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर आधी रंगीत पीकवर जाते. ती आधी कोरेलोग्रामवर, म्हणजे लुकलुक किती वेळात बदलते ते दाखवणाऱ्या कच्च्या वक्रावर, जायला हवी. वक्राची सुरुवात ०.८ ते ०.९५ दरम्यान सपाट, मग एकच गुळगुळीत उतार आणि शेवटी शून्यावर सपाट रेषा: असं असेल तर पुढे वाचा. शेवटी रेषा वरखाली होत असेल तर धूळ किंवा तळाशी बसणारे गठ्ठे आहेत. सुरुवातच ०.३ वर असेल तर सॅम्पल फार पातळ आहे किंवा प्रकाश शोषून घेतंय. यंत्राने अ‍ॅटेन्युएटर ११ निवडलाय, म्हणजे लेझर पूर्ण उघडलाय, आणि तरी काउंट रेट, म्हणजे डिटेक्टरवर पोचणारा प्रकाश, सेकंदाला १०० किलोकाउंटच्या खाली आहे, तर तो आकडा थीसिसमध्ये घालण्याच्या लायकीचा नाही. उलट बाजूनेही तपासायचं: सॅम्पल निम्मं आणि पुन्हा निम्मं करून तीन वेळा मोजा. आकार तोच राहिला तर ठीक. पातळ करत जाताना आकार बदलला तर आधी सॅम्पल दाट असल्यामुळे प्रकाश दोनदोनदा विखुरला जात होता, किंवा पातळ केल्याने कणांवरचं आवरण सुटतंय.

पीडीआय ०.१ च्या खाली म्हणजे एकसारखे कण, आणि ०.७ च्या वर गेलं तर हे सॅम्पल या तंत्राचं नव्हेच. मधल्या पट्ट्यात सरासरी आकड्यासोबत पीडीआय लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आणि ती नेहमीची चलाखी: इंटेन्सिटीचा (प्रकाशाच्या तीव्रतेवरून काढलेला) आकडा ४८ येतो, टीईएम म्हणतं २०, मग सॉफ्टवेअरमध्ये 'नंबर' (कणांच्या संख्येवरून) वर क्लिक करून २३ मिळवायचे आणि 'जुळलं' म्हणायचं. नंबरचं वितरण हे मोजमाप नाही, इंटेन्सिटीवर केलेलं गणित आहे. त्यात अपवर्तनांक तुम्ही भरलेला असतो, आणि मूळ वक्रातली बारीकशी चूकही सहाव्या घाताच्या भागाकारातून फुगते. प्रबंधात इंटेन्सिटीचाच आकडा द्यावा आणि टीईएमशी फरक का आहे ते एका वाक्यात लिहावं.

सोन्याचे रॉड मोजणाऱ्यांसाठी एक इशारा. मुख्य पीकच्या डावीकडे ५ नॅनोमीटरच्या आसपास एक छोटं पीक येतं आणि लोक त्याला 'लहान कणांची लोकसंख्या' म्हणतात. ते कण नसतात. लांबट कण स्वतःभोवती गिरक्या घेतात, त्या गिरक्यांचा लुकलुकाट यंत्र छोट्या गोळ्यांचा समजतं.

झेटा पोटेन्शियल: त्याच डब्यातलं, पण वेगळंच जनावर

आकाराचं रीडिंग झालं की त्याच बाटलीतला थेंब झेटाला टाकायचा, ही सवय खर्चिक ठरते. झेटा म्हणजे पाण्यातल्या कणाभोवतीच्या थराचा विद्युतदाब, आणि तो एकट्या कणाचा गुण नाही. तो कण आणि त्याच्या भोवतीचं पाणी या जोडीचा गुण आहे. पीएच आणि वाहकता न लिहिता दिलेला झेटा म्हणजे गावाचं नाव नसलेला पत्ता. डीआय पाण्यात सॅम्पल पातळ केलं तर क्षार जवळजवळ नाहीत, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पीएच खाली येतो, आणि सकाळचं व दुपारचं रीडिंग जुळत नाही. १ मिलीमोलर पोटॅशियम क्लोराइड वापरा. किंवा सर्वात प्रामाणिक पद्धत: सॅम्पलचा एक भाग सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ पाणी घ्या आणि त्यानेच उरलेलं सॅम्पल पातळ करा.

घडीच्या केशनळीच्या सेलमध्ये सॅम्पल सिरिंजने हळू भरायचं. अर्धा भरला की सेल उलटा करा, बुडबुडे न अडकता पुढे भरतो. इलेक्ट्रोडवर बुडबुडा राहिला की फेज प्लॉट, म्हणजे यंत्राचा कच्चा आलेख, वेडावाकडा येतो. पीबीएससारख्या खारट बफरमध्ये करंट जास्त वाहतो, सॅम्पल तापतं आणि इलेक्ट्रोड काळे पडतात. काळा पडलेला सेल पुसून पुन्हा वापरणं ही बचत नव्हे. रोज सुरुवातीला −४२ मिलीव्होल्टच्या प्रमाण द्रवाने सेल तपासावा. तो १० टक्क्यांत बसला नाही तर त्या दिवशीचं बाकी सगळं संशयास्पद.

आता '±३० मिलीव्होल्ट म्हणजे स्थिर' या अंगठेनियमाबद्दल. सॉफ्टवेअर मुळातच स्मोलुचोव्हस्कीचं मॉडेल लावून बसलेलं असतं, म्हणजे कणाच्या वेगातून झेटा काढताना वापरायचा हेन्रीचा गुणांक १.५. पण २० नॅनोमीटरच्या कणाला १ मिलीमोलर क्षारात हा गुणांक जेमतेम १.०३ असायला हवा, कारण तिथे विद्युत थराची जाडी कणाच्या त्रिज्येइतकीच, साधारण १० नॅनोमीटर असते. परिणाम: खरा झेटा −४० असेल तर कागदावर −२७ येतो आणि परीक्षक विचारतो, 'मग हे अस्थिर नाही का?' सेटिंगमधला एक पर्याय बदलायचा राहिला, एवढंच. दुसऱ्या टोकाला पीईजी या पॉलिमरचं आवरण असलेले कण. त्यांचा झेटा −५ असतो आणि ते महिनोन्‌महिने नीट राहतात, कारण त्यांना विद्युतभार नव्हे तर आवरणाची उशी दूर ठेवते.

टीईएम: शेवटचा शब्द, पण थोड्याच कणांवर

गाभ्याचा खरा आकार आणि रूप पाहायचं तर टीईएमला पर्याय नाही. डीएलएसला गोल, चौकोन, त्रिकोण सगळे सारखेच. पण चांगल्या टीईएमचं बरंचसं काम यंत्राबाहेर, ग्रिडवर म्हणजे सॅम्पल ठेवायच्या जाळीवर होतं, आणि ते सॅम्पल देणाऱ्याच्या हातात असतं.

कार्बनचा पापुद्रा लावलेली, ३ मिलिमीटरची, ३०० मेशची तांब्याची ग्रिड घ्या. ताजा पापुद्रा पाण्याला नकार देतो. थेंब मोत्यासारखा बसतो आणि सुकताना सगळे कण काठाकडे ओढून नेतो. ग्लो डिस्चार्जमध्ये (विद्युतभारित विरळ वायूत) काही सेकंद ठेवलं की पाणी पसरतं. चिमट्यात धरलेल्या ग्रिडवर ५ मायक्रोलिटर ठेवा, एक-दोन मिनिटं थांबा, आणि गाळणकागदाची कड बाजूने टेकवून थेंब शोषून घ्या. पूर्ण सुकू देऊ नका. सुकवलेल्या ग्रिडवर दिसणारे गठ्ठे पाण्यात होते की थेंब आटताना झाले, हे फोटोवरून कुणालाही सांगता येत नाही. 'टीईएममध्ये अ‍ॅग्रीगेशन दिसलं' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. ते डीएलएस आणि यूव्हीच्या खांद्याने ठरवायचं.

जास्तीचं सायट्रेट, पीव्हीपी पॉलिमर, मीठ ग्रिडवर गेलं तर कणांभोवती राखाडी धुकं आणि स्फटिक दिसतात आणि बीमखाली उकळतात. २० नॅनोमीटरचं सोनं सेंट्रिफ्यूजमध्ये साधारण १२,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १२,००० पट) वर अर्धा तास फिरवून एकदा धुवा. तळ गडद लाल आणि सैल बसला तर बरोबर. काळा आणि चिकट बसला तर वेग जास्त झाला, ते कण आता सुटे होणार नाहीत. पॉलिमर आणि लायपोसोमला स्वतःचा उठाव नसतो, त्यांना फॉस्फोटंगस्टिक आम्ल किंवा युरेनिल अ‍ॅसिटेटचा निगेटिव्ह स्टेन (कणाभोवतीची जागा गडद करणारा) लागतो. युरेनिल किरणोत्सारी असल्याने अनेक सुविधा तो वापरू देत नाहीत, आधी विचारून घ्या. आणि ईडीएसने, म्हणजे मूलद्रव्यं ओळखणाऱ्या जोडयंत्राने, तांबं शोधायचं असेल तर तांब्याच्या ग्रिडवर ते नेहमीच सापडेल. निकेल किंवा सोन्याची ग्रिड मागा.

मोजणीचा भाग. किमान २०० कण, वेगवेगळ्या चौकटींतले. 'सुंदर' भाग निवडून काढलेल्या तीन फोटोंतले ३० कण म्हणजे मोजमाप नव्हे, प्रदर्शन. आकारात १० टक्के पसारा असेल तर २०० कणांत सरासरीची चूक ०.७ टक्के येते, म्हणजे त्याहून जास्त मोजून फार मिळत नाही. ३० टक्के पसारा असेल तर तीच चूक २ टक्क्यांवर जाते. पिक्सेलही बघा. १० नॅनोमीटरचा कण फोटोत २० पिक्सेलचा असेल, तर कडेला एका पिक्सेलचा गोंधळ दोन्ही बाजूंनी मिळून १० टक्के. जास्त मॅग्निफिकेशनवर फोटो मागा. आणि स्केलबारवर आंधळा विश्वास नको: सोन्याच्या कणात अणूंच्या ओळी दिसत असतील तर त्यांच्यातलं अंतर ०.२३५५ नॅनोमीटर यायला हवं. सोन्याचा कण स्वतःच फूटपट्टी घेऊन येतो.

एसईएमचं थोडक्यात. फील्ड एमिशनचं असेल तर ५० च्या वरच्या कणांना छान, सॅम्पलही झटपट होतं. पण ऑपरेटर सवयीने सोन्याचा मुलामा देतो. ५ नॅनोमीटरचा मुलामा दोन्ही बाजूंनी चढला की १० चा कण २० चा होतो, आणि सोन्याच्या कणावर सोन्याचा मुलामा म्हणजे तर कल्हईवर कल्हई. सिलिकॉनच्या तुकड्यावर थेंब द्या आणि फॉर्मवर ठळक लिहा: कोटिंग नको.

एएफएम आणि एनटीए

एएफएमचा उंचीचा आकडा फार भरवशाचा, रुंदीचा अजिबात नाही. १० नॅनोमीटर त्रिज्येच्या टोकाने १० नॅनोमीटर व्यासाचा गोळा चाचपला तर तो सुमारे २८ नॅनोमीटर रुंद दिसतो, उंची मात्र १० च. म्हणून रुंदी मोजून लिहिलेला आकार दिसला की पान उलटावं. अभ्रकाचा ताजा पापुद्रा काढला की त्याचा पृष्ठभाग ऋण असतो आणि सायट्रेटचं सोनंही ऋण, त्यामुळे कण टिकत नाहीत, धुतले की वाहून जातात. आधी ०.०१ टक्के पॉली-एल-लायसिनचा थेंब काही मिनिटं, मग धुवा, मग सोनं.

एनटीए एकेक कणाचा ठिपका कॅमेऱ्याने पाठलाग करून मोजतं, त्यामुळे मिश्र सॅम्पलमध्ये डीएलएसपेक्षा सरस आणि संख्याही सांगतं. त्याची किंमत मात्र पातळ करण्यात मोजावी लागते. वरच्या टर्केविच बॅचचं गणित करा: २० नॅनोमीटरच्या एका कणात सुमारे अडीच लाख अणू, म्हणून मिलीलिटरमागे साधारण ६०० अब्ज कण. यंत्राला हवेत एक कोटी ते शंभर कोटी. दहा कोटींवर आणायचं तर सहा हजार पट पातळ करायला लागतं, तेही दोन टप्प्यांत आणि सायट्रेट घातलेल्या पाण्याने. नुसत्या पाण्याने केलं तर आवरण सुटून कण चिकटतात. आणि दोन ऑपरेटरांचे आकडे न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: कॅमेरा लेव्हल आणि डिटेक्शन थ्रेशोल्ड हे हाताने ठेवले जातात. ते दोन आकडे रिपोर्टवर लिहून मागा, नाहीतर महिन्याभराने स्वतःचंच सॅम्पल ओळखू येणार नाही. एक्सोझोम आणि लायपोसोमवाल्यांनी लक्षात ठेवावं की मवाळ, कमी उठावाचे कण ५० च्या खाली गेले की या यंत्राला दिसेनासे होतात, आणि जे दिसत नाही ते सरासरीत येत नाही.

पावडर असेल तर

एक्सआरडी (एक्स-किरणांचं विवर्तन) कणाचा नव्हे, स्फटिकाचा आकार देतं. तांब्याच्या नळीच्या यंत्रावर सोन्याचं मुख्य पीक ३८.२ अंशांवर, १० नॅनोमीटरच्या स्फटिकाला शेररच्या सूत्राने त्याची रुंदी सुमारे ०.८४ अंश यायला हवी. यंत्राची स्वतःची रुंदी प्रमाण पावडरने काढून वजा करायची. सोन्याचे कण बरेचदा जुळे असतात, एका कणात अनेक स्फटिक, म्हणून एक्सआरडी टीईएमपेक्षा लहान आलं तर घाबरू नये. उलट आलं तर घाबरावं.

बीईटी पावडरीवर नायट्रोजन वायू बसवून पृष्ठफळ मोजतं, आकार त्यातून काढलेला. टायटॅनियाची पी२५ ही सर्वपरिचित पावडर ग्रॅमला साधारण ५० चौरस मीटर देते, घनता ४.२ धरली की ६,००० भागिले २१० म्हणजे २८ ते २९ नॅनोमीटर. टीईएमवर तिचे प्राथमिक कण २१ च्या आसपास सांगितले जातात. जिथे कण एकमेकांना चिकटलेत ती जागा नायट्रोजनला मिळत नाही. फक्त डिगॅसिंग, म्हणजे आधीचा वायू आणि ओलावा काढणं, पुरेसं करा. ओलसर पावडर घाईने लावली तर पृष्ठफळ कमी येतं.

पावडर पाण्यात सुटी करणं हा स्वतंत्र उद्योग आहे. प्रोब सोनिकेटर, भांडं बर्फात, थांबत थांबत, आणि किती ज्यूल दिले त्याची नोंद. झिजलेल्या प्रोबमधून टायटॅनियमचा चुरा सॅम्पलमध्ये पडतो आणि डीएलएसला तोही 'नॅनोकण'च वाटतो.

सुवर्णभस्माच्या अभ्यासकांना हे सगळं ओळखीचं वाटेल, कारण आयुर्वेदातल्या रसशास्त्राच्या परीक्षाही अशाच एकेक प्रश्न विचारणाऱ्या आहेत. रेखापूर्ण म्हणजे भस्म बोटांच्या रेषांत शिरतं का. त्या रेषा एकमेकींपासून साधारण अर्धा मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे ही परीक्षा बारीकपणाची खरी, पण नॅनोमीटरची नव्हे. वारितर म्हणजे पाण्यावर तरंगतं का. पाण्याच्या एकोणीस पट जड धातू तरंगतो तो बारीक आणि न भिजणारा असल्यामुळे, म्हणजे ती पृष्ठभागाचीही परीक्षा. निश्चंद्र म्हणजे धातूची चकाकी उरली का. भस्माच्या पावडरीवर थेट डीएलएस लावून आलेला आकडा गठ्ठ्यांचा असतो. तिथे एक्सआरडी आणि टीईएम आधी लावावेत.

मग पैसे कुठे घालावेत

सोनं-चांदी असेल तर दर बॅचला यूव्ही, अपवाद नाही. यूव्हीत पास झालेल्या बॅचला डीएलएस, त्यातल्या दोन-तीन निवडक बॅचना टीईएम. झेटा फक्त जिथे भाराबद्दल काही म्हणायचंय तिथे. लायपोसोम आणि पॉलिमर असतील तर डीएलएस पहिलं, एनटीए परवडलं तर दुसरं, आणि साध्या टीईएमऐवजी क्रायो-टीईएम (सॅम्पल न सुकवता गोठवून बघणारं) मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण सुकवलेला लायपोसोम सुरकुतलेल्या फुग्यासारखा दिसतो. विभागाला एकच यंत्र घ्यायचं असेल तर डीएलएस घ्या, पण सोबत फिल्टर, क्युव्हेट आणि झेटा सेलचा दरवर्षीचा खर्च आधीच बजेटमध्ये लिहा. यंत्र येतं आणि सेल संपल्यावर धूळ खात पडतं, हे चित्र फार ठिकाणी दिसतं. टीईएम विकत घेण्याचा विचारच नको. पवईच्या आयआयटीतली सैफ ही यंत्रसुविधा, पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा अशा सुविधा बाहेरचे सॅम्पल घेतात, आणि आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली सरकारी खर्चाची यंत्रं शोधून स्लॉट मागता येतो.

फॉर्म भरताना 'साइज अ‍ॅनालिसिस' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. कण कशाचे, आवरण कशाचं, द्राव कोणता, अंदाजे आकार, अंदाजे संहती, पीएच, आणि सॅम्पल पातळ करायचं तर कशाने, हे लिहा. पातळ करायच्या द्रवाची १० मिलीलिटरची वेगळी बाटली सोबत द्या. नळी काठोकाठ भरा, वर हवा राहिली की प्रवासात फेस होतो. आणि कुरियरवाल्याने बर्फ सुचवला तरी सुका बर्फ नको, जेल पॅक चालेल, तोही नळीला थेट न टेकवता. सायट्रेटचं सोनं एकदा गोठलं की वितळल्यावर ते करडं, तळाला बसलेलं मिळतं, आणि ते हलवून, सोनिकेट करून, पुन्हा सायट्रेट घालून परत लाल होत नाही.